डाव्या वळणाचे सरगुंडे

अल्काची शिलाई मशीन गेल्या वर्षभरात जितकी ठणठणीत होती, तितकी ती नवीकोरी असतानाही नव्हती. कारण उघड होतं. मशीन कुरकुर करो न करो, मशीन दुरुस्त करणारा खुशाल तिला तेल घालायला येतच होता. कुडवा गावातल्या तिच्या एवढ्याशा दुकानात तो स्टूल ओढून बसायचा, सुईकडे बघत चहा प्यायचा आणि जाताना नेमका पेचकस विसरायचा. मग दुसऱ्या दिवशी पेचकस न्यायला यायचा. शेजारणींना जे पहिल्याच फेरीत कळलं, ते अल्काला कळायला अख्खा हिवाळा जावा लागला. शहाण्या माणसांचं असंच असतं.

दोघंही पन्नाशी ओलांडलेली. अल्काचा नवरा जाऊन आता खूप वर्षं झाली होती; मुलगी समीक्षा नागपूरला संसारात रमली होती. खुशालची बायको शामकला दोन वर्षांपूर्वी गेली. गेल्या आठवड्यात त्याने चिंधीला हात पुसत, मशीनशीच बोलतोय अशा थाटात विचारलं, "अल्काबाई, दोन घरी दोन चुली पेटवून राहिलो आपण. एकच पेटवली तं?"

"पाहू," अल्का म्हणाली.

"पाहाच जी. पण पहिले माझ्या बाईच्या घरचे सरगुंडे खाऊन पाहा. मंग सांगा."

बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, अन्नपूर्णा. सालेकशाच्या पुढे जंगलाला लागून तिचं गाव. म्हणून तर आज रविवारी, पोह्या-जलेबीच्या गाड्याही लागल्या नव्हत्या तेव्हा, अल्का खुशालच्या मागे गाडीवर बसून नाश्त्याला निघाली होती. समीक्षाला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, "जा ना आई, कायले घाबरून राहिली?"

हसणाऱ्याचं काय जातं! अल्काच्या मनात एकच गोष्ट सलत होती. खुशाल शामकलाबद्दल कधी बोलत नसे. ज्याच्याबद्दल बोललं जात नाही ते माणूस घरात फार जागा अडवतं, हे अल्काला स्वतःच्या घरावरून ठाऊक होतं. त्या घरात आपल्यासाठी जागा आहे, की दुसरीच्या रिकाम्या पाटावर नुसतं जाऊन बसायचं? आज याचं उत्तर घेऊनच परतायचं, असं तिने ठरवलं होतं.

पण आमगाव मागे पडलं, शेतं संपून झाडं सुरू झाली आणि ठरवलेलं सगळं हळूहळू सुटत गेलं. एप्रिलची पहाट. रस्त्यावर अजून गारवा. दोन्ही बाजूंनी मोहाचा वास असा दाटून आला होता की श्वास घेतला तरी गोड लागावा. झाडांखालची जमीन पाला जाळून साफ केलेली, आणि तिच्यावर पिवळसर फुलं टपटप पडत होती. मधूनच कोणी बाई टोपली घेऊन वाकलेली दिसे. गाडी पुढे जाई आणि ती धूसर होऊन जाई. लांबून रेल्वेची शिट्टी आली. अल्काचा डोळा लागला की काय, तिलाच कळेना. आपण कुठे निघालोय, किती वयाच्या आहोत, सगळं क्षणभर पुसलं गेलं आणि तिला फार बरं वाटलं.

अन्नपूर्णा घराच्या मागच्या मोहाखालीच भेटली. साठीची, काटक, कमरेला पदर खोचलेली. "जय भीम वो बाई," ती हात न थांबवता म्हणाली. "फुलं अशीच टाकून आली तं बकऱ्या सोडणार नाईत. तू चूल पेटव, पाणी ठेव. सरगुंड्याचा डबा फडताळातच हाये. खुशाल, तू टोपली धर गा."

पाहुणीला पहिल्याच भेटीत कामाला लावलं, याने अल्काचा निम्मा संकोच पळाला.

स्वयंपाकघरात वर आढ्याला सर गवताच्या बारीक काड्यांची जुडी टांगलेली होती. कणकेची बारीक दोरी ओढायची, ती काडीवर गुंडाळत न्यायची, मग काडी अलगद काढून घ्यायची. मागे उरते ती पोकळ, वळणावळणाची शेवई. तीच वाळवली की झाले सरगुंडे. अल्काच्या आईकडेही उन्हाळ्यात व्हायचे. फडताळ उघडलं तर समोरच निळ्या झाकणाचा जुना डबा. आत कडुनिंबाची वाळकी पानं आणि त्याखाली सरगुंडे, तीन माणसांना जेमतेम पुरतील एवढेच. कडुनिंब घालून जपलेत म्हणजे पाहुण्यांसाठीच राखलेत, असं समजून अल्काने सगळे उकळत्या पाण्यात सोडले.

ताटल्या मांडल्या तेव्हा ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. सरगुंड्यांवर गरम दूध आणि गूळ, बाजूला भाजलेल्या मोहफुलांचे तीळ घातलेले लाडू. अन्नपूर्णा बोलत होती, खुशाल हसत होता. त्याने एक सरगुंडा उचलला आणि त्याचा हात तोंडापाशी थांबला.

त्याने तो उजेडात धरला. मग दुसरा उचलला, तोही तसाच पाहिला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे डाव्या हाताचे हायेत."

अन्नपूर्णा उठली, फडताळापाशी गेली. नवा स्टीलचा डबा मागे तसाच भरलेला होता. निळ्या झाकणाचा ओट्यावर रिकामा पडला होता. "अगं माय," एवढंच ती बोलली.

मग तिनेच सांगितलं. शामकला डावखुरी होती. साऱ्या बाया काडी एका अंगाने फिरवत, ती उलट अंगाने. तिचे सरगुंडे हजारात ओळखू येत. गेली त्या उन्हाळ्यात तिने इथेच बसून हे वळले होते. खुशालने त्या डब्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. "घरातलं पोर बी त्याले शिवत नाई वो. सारेच जाणतात, म्हणून तुले सांगाचं सुचलंच नाई."

खुशाल ताटली घेऊन उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

मिळालं उत्तर, अल्काच्या मनात आलं. लाज वाटली, रागही आला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिला हेवा वाटला, मेलेल्या बाईच्या हातांचा. असं वाटल्याचीही पुन्हा लाज वाटली. तिने पिशवी उचलली. पण दारात गेल्यावर पाय मोहाच्या झाडाकडेच वळले.

खुशाल झाडाखाली उकिडवा बसून खात होता. डोळ्यांतलं पाणी पुसायच्या भानगडीत तो पडला नव्हता. एक मोहफूल त्याच्या ताटलीत पडलं, त्याने तेही खाल्लं.

"मले माहीत नव्हतं जी," अल्का म्हणाली.

"कसं असन? मीच कधी तोंड उघडलं नाई." त्याने बोटाने ताटलीतलं दूध ढवळलं. "दोन वर्षं इथं येऊन मी त्या डब्याचं झाकण उघडतो, वास घेतो अना परत लावतो. आता तं कडुनिंबाचाच वास येऊन राहिला होता. तिच्या हातची चव कशी होती, इसरलोच होतो मी." त्याने ताटली तिच्यापुढे केली. तळाशी दुधात एकच सरगुंडा उरला होता. "हा तुमी खा. शेवटचा हाये. मले एकट्याले संपवणं जमत नाई."

अल्का त्याच्या शेजारी मातीत बसली. तिने सरगुंडा उचलून पाहिला. खरंच, उलटं वळण होतं, आणि इतकं एकसारखं की तिला त्या बाईशी बोलावंसं वाटलं. तिने तो सावकाश खाल्ला. सरगुंडा गोड होता, मऊ होता, आणि तिचा हेवा कुठे गेला ते तिला कळलं नाही.

फुलं पडत राहिली, अन्नपूर्णेच्या बकऱ्या येऊन ती खात राहिल्या, कोणी त्यांना हाकललं नाही.

मग अल्का उठली. आत जाऊन तिने निळ्या झाकणाचा डबा राखेने घासला, पाण्याने धुतला आणि अंगणात उन्हात पालथा घातला. अन्नपूर्णेकडे कणीक मागितली. खुशाल दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा ती आढ्याच्या काड्यांकडे हात करून म्हणाली, "माझा हात पुरत नाई. काढून द्या."

त्याने जुडी काढून तिच्या हातात दिली.

"अना सांगून ठेवते," अल्का म्हणाली, "मी उजव्या हातानं वळते. मंग मले कोणी सांगतलं नाई म्हणू नका."

खुशालने मान हलवली. मग तो बाहेर गेला आणि डबा सुकला का, ते पाहायला त्याच्याजवळ बसून राहिला.