पाच लाख किलोमीटरच्या उंबरठ्यावर थोरली

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका मोटारगाडीचे थोरपण, तिला सांभाळणाऱ्या तीन माणसांचे प्रेम आणि माझी स्वतःची एक घोडचूक, या गोष्टी यथाशक्ती कथन करणार आहे. शाळेशी माझा संबंध सातव्या इयत्तेत संपला. तदनंतरचे सर्व शिक्षण मी गाड्यांखाली उताणे पडून घेतले. तेव्हा या लिखाणात कोठे एखादा नट ढिला आढळल्यास वाचकांनी तो आपल्या हाताने आवळून घ्यावा, ही विनंती.

सदर गाडी चारही चाकांनी ओढणारी, आठ सिलिंडरांची, डोंगर चढण्यासाठी आणि ऐटीत चढण्यासाठी जन्मलेली. तिचे पहिले मालक मोठे धनिक होते. एक लाख ऐंशी हजार किलोमीटर धावल्यावर त्यांना तिचा कंटाळा आला आणि पुलांच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या आमच्या साहेबांनी ती घेतली. पुढच्याच वर्षी साहेबांना कन्या झाली. घरात गाडी अगोदर आली म्हणून गाडीचे नाव थोरली आणि मुलीचे नाव धाकटी पडले. धाकटीला आकडे शिकवले गेले तेही थोरलीच्या किलोमीटर मोजणाऱ्या खिडकीत. तेवीस वर्षांच्या मुलीला आजही घरात त्याच नावाने हाक मारतात, आणि ती ओ देते.

थोरलीची थोरवी काय वर्णावी! रात्रभर उभी राहिली की तिच्या चाकांवरच्या हवेच्या पिशव्यांतली हवा उतरते आणि सकाळी ती पोट जमिनीला लावून बसलेली आढळते. किल्ली फिरवावी, पोटाखालून बारीक गुणगुण ऐकू यावी, आणि मग आधी मागून, नंतर पुढून, एखादी भारदस्त बाई गुडघ्यावर हात टेकून उठते तशी ती उठते. दार लावले तर आवाज असा, की जाड ग्रंथ मिटावा. मागची डावी काच दोन्ही तळव्यांत धरून वर ओढावी लागते. समोरच्या फळीवर तांबडे-पिवळे दिवे कारणाविना लागतात. तसे ते लागले की साहेब म्हणत, "आज हिला बोलायचंय." वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, तिच्या चामड्याच्या आसनांना वर्षातून दोनदा मलम चोळत. "माझ्या टाचा भेगाळल्या तरी चालतील, हिला मात्र मलम पाहिजे," असे पुटपुटत, पण चोळत.

मी या गाडीचा मिस्त्री. लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मी दुखणे ओळखतो, म्हणून लोक मला कानमिस्त्री म्हणतात. या नावाचा मला अभिमान होता. किती होता, ते पुढे कळेल.

घटना घडली त्या वेळी थोरलीचे चार लाख शहाण्णव हजार किलोमीटर झाले होते. धाकटीला नोकरी लागली होती. डोंगरातल्या नद्यांचे पाणी मोजण्याचे काम, मुक्काम अगदी वरच्या ठाण्यावर, आणि रस्ता म्हणावा असा रस्ता नाहीच. ज्याच्याजवळ तिथवर पोहोचणारी गाडी नसेल, त्याला खालच्या कचेरीत कागद लावत बसवायचे आणि वरची जागा दुसऱ्याला द्यायची, असा तिथला नियम. सोमवारी हजर व्हायचे होते. साहेबांनी मुलीला सांगितले, "मिस्त्री हो म्हणाला तर थोरली तुझी. नाही म्हणाला तर भंगारवाल्याची. दारात उभी राहून सडताना मला बघवणार नाही."

बुधवारी बापलेक गाडी घेऊन माझ्या गॅरेजात आले. आले ते निळसर पांढऱ्या धुराचा एक लांबलचक पदर मागे सोडत. समोरचा पानवाला खोकत खोकत उठून आत गेला.

"बोला मिस्त्री," साहेब म्हणाले. "रोग्यासमोर बोलू नये म्हणतात, पण ही आपलीच आहे."

मी पेचकस कानाला लावला. आतून जड, फसफसता आवाज येत होता. असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, आणि न ऐकलेल्या आवाजापुढे गप्प राहण्याची माझी सवय नव्हती.

"साहेब, पिस्टनच्या रिंगा गेल्या. ऑइल वर चढून जळतंय. इंजिन उघडावं लागेल, आणि हिचे भाग आता सहजी मिळत नाहीत."

"सोमवारपर्यंत?"

"हा सोमवार सोडा. पुढचाही सोडा."

धाकटी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. "काका, पुन्हा ऐका ना. एकदाच."

"पोरी, हा कान पंचवीस वर्षांत चुकलेला नाही."

तिने बाहीने किलोमीटरची खिडकी पुसली आणि उतरली. साहेबांनी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. शनिवारी सकाळी तो येणार असे ठरले, आणि गाडी माझ्याकडेच राहिली. दोन दिवस मी तिच्याकडे पाठ करून काम केले.

शुक्रवारी दुपारी वहिनी कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून त्यांनी ऑइलचा अर्धवट भरलेला डबा काढून माझ्या कामाच्या फळीवर ठेवला.

"घ्या मिस्त्रीभाऊ. आता घरात ठेवून काय करू?"

"हे काय, वहिनी?"

"काय म्हणजे? तुम्हीच नव्हतं का सांगितलं? हिला महिन्याला अर्धा लिटर घालत जा, आणि यांना सांगू नका, हळवे आहेत म्हणून. चार महिने घातलं हो मी. हे बागेत गेले की गुपचूप घालायची. तरी वाचली नाही."

मला ते आठवले. चार महिन्यांपूर्वी गाडीचे ऑइल बदलताना माझ्या ध्यानात आले होते, की ती महिन्याला अर्धा लिटर ऑइल पिऊ लागली आहे. वयोमानाने असे होतेच. त्याच वेळी ऑइल किती आहे हे दाखवणाऱ्या पट्टीची जीर्ण कडी माझ्या बोटांत चुरडली होती. म्हणून ती पट्टी कोणी ओढू नये, मीच पाहीन, असे मी सांगितले होते. ऑइल घालायला वहिनींना सांगितले होते हे खरेच. परंतु त्याच वेळी आणखी एक गोष्ट माझ्या मनात वळवळू लागली, आणि ती पुरती वर येण्याआधीच दारात साहेब उभे राहिले. काखेत वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा.

"तू इथे कशी?" ते वहिनींना म्हणाले.

"तुम्ही इथे कसे? आणि काखेत काय लपवलंय?"

"लपवलंय कुठे? मिस्त्रींचा ऐवज मिस्त्रींना परत करतोय." त्यांनी डबा वहिनींच्या डब्याशेजारी ठेवला. तोच रंग, तोच छाप. "मिस्त्री म्हणाले होते, महिन्याला अर्धा लिटर, आणि वहिनींना सांगू नका, नाहीतर त्या विका म्हणून मागे लागतील."

"मी? विका म्हणून?" वहिनींनी माझ्याकडे असे पाहिले, की मी हातातला पान्हा खाली ठेवला.

"वहिनी, ते आपलं… माणसाला धीर द्यायला…"

"थांबा," साहेब म्हणाले. "तू पण घालत होतीस?"

"दर महिन्याच्या पहिल्या रविवारी."

"मी दुसऱ्या."

हेच सांगितलेले तिसरे माणूस कोण, हे मला आता स्वच्छ आठवले. मी फोन उचलून धाकटीला एवढेच विचारले, "पोरी, तुझ्याकडे ऑइलचा डबा आहे का?"

"आहे काका. पण आईबाबांना सांगू नका, तुम्हीच म्हणाला होतात."

"घेऊन ये. पळत ये."

ती आली. फळीवर तीन डबे ओळीने उभे राहिले आणि समोर तीन माणसे. तिघांचेही डोळे माझ्यावर. वाचकहो, माझ्या आयुष्यात मला इतके उघडे कोणी पाडले नव्हते, आणि इथे ते काम तीन डब्यांनी केले होते. मी प्रत्येकाला वेगळे गाठले होते, प्रत्येकाचा स्वभाव आपल्यालाच कळतो अशा थाटात कानात बोललो होतो, आणि बोललो ते विसरूनही गेलो होतो. ते मात्र विसरले नव्हते. एकाही महिन्याचा एकही रविवार त्या माणसांनी चुकवला नव्हता.

मी चिमट्याने ती मोडकी पट्टी बाहेर ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, पट्टीच्या मानेपर्यंत चढले होते. बुधवारी हे एवढेसे काम मी केले असते तर! पण कान असताना पट्टी कोण पाहतो, असा माझा तोरा.

गाडी वर उचलून ऑइल सोडण्याचे खालचे बूच काढले. या इंजिनात साडेसहा लिटर ऑइल मावावे. निघाले साडेदहा. एवढे ऑइल झाले की आतला फिरता दांडा ते घुसळून त्याचा फेस करतो, तो फेस हवेच्या नळीतून सिलिंडरांत शिरून जळतो, आणि धूर होतो. रिंगांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. तरी आता कानावर विश्वास न ठेवता मी दाबमापक लावला आणि आठही सिलिंडर एकामागून एक मोजले. धाकटी शेजारी उभी राहून आकडे मोठ्याने वाचत होती, लहानपणी वाचत असे तशी. आठही आकडे सख्ख्या भावंडांसारखे. पाच लाखाला टेकलेले इंजिन, ज्याला आम्ही चौघांनी मिळून जवळजवळ बुडवले होते, ते आतून असे धडधाकट होते, की मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

"म्हणजे," वहिनी हळूच म्हणाल्या, "डोळ्यांत तेल घालून जपायचं सोडून आपण हिच्या पोटात घातलं."

सर्वांआधी साहेब हसले. मग हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसला.

मोजून साडेसहा लिटर ऑइल भरले. एका ठिकाणचे रबरी कडे दाबाने पाझरू लागले होते, ते बदलले. सुरुवातीचा अर्धा तास जुन्या साठ्याचा धूर निघाला, पानवाल्याने पुन्हा शिव्या दिल्या, आणि मग धूर विरळ होत होत थांबला. दिव्यांपैकी दोन लागलेलेच राहिले. ते राहू दिले. तिला बोलायचे असेल.

शनिवारी सकाळी भंगारवाला साखळ्या घेऊन हजर झाला. थोरली पोट टेकून बसली होती. साहेबांनी किल्ली फिरवली, ती आधी मागून, मग पुढून उठली, आणि उभी राहून शांतपणे चालू राहिली. भंगारवाल्याने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"साहेब, मला न्यायला बोलावलंत की दाखवायला?"

"दाखवायला," साहेब म्हणाले. "चहा घेऊन जा."

मी तोवर पितळेच्या तुकड्याची एक नवी कडी घडवून त्या पट्टीला बसवली होती. ती धाकटीच्या हाताने तीनदा ओढून पाहिली. मग सर्वांसमोर, मोठ्या आवाजात, कोणाच्याही कानात न बोलता सांगितले, "यापुढे ऑइल एकच माणूस घालील, आणि पट्टी पाहिल्याशिवाय घालणार नाही."

"आणि मी?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही मलम, वहिनी."

"ती तर वर चालली. मलम काय पत्राने लावू?" असे म्हणून त्यांनी मलमाची डबी धाकटीच्या पिशवीत कोंबली.

रविवारी सकाळी धाकटी निघाली. साहेब रस्त्याच्या कडेला गुडघा चोळत उभे होते. ते गाडीच्या टपावर थोपटून म्हणाले, "थोरले, हिला नीट ने." वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी हवेत धुराचा मागमूस नव्हता.

सोमवारी दुपारी वरच्या ठाण्यावरून निरोप आला, की ती वेळेवर हजर झाली आहे. आणि काही महिन्यांनी एके सकाळी माझा फोन वाजला.

"काका, आत्ता पाच लाख झाले. मी गाडी थांबवली आणि उतरले."

"मीटरचा फोटो काढायला?"

"तो नंतर. आधी पट्टी बघितली. ऑइल बरोबर खुणेवर आहे."

त्या दिवसापासून मी कोणतीही गाडी आली की आधी पट्टी पाहतो आणि मगच कान लावतो. लोक मात्र मला अद्याप जुन्याच नावाने ओळखतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्या नावामुळे मला माझी चूक रोज आठवते.

आपल्या कामाधंद्यातून वेळ काढून आपण माझ्या या अक्षरांवर नजर फिरवलीत, याबद्दल हात पुसून, दोन्ही हात जोडून आपले आभार मानतो.

आपला नम्र,
कानमिस्त्री