सात सीटांची गाडी

टूर कंपनीच्या बसमधून युरोप बघायचा नाही, गाडी घेऊन आपण आपलं जायचं, ही कल्पना मृणालची. ती कागदावर उतरवली मात्र संध्याने.

संध्या ओमानमधल्या सोहार बंदराजवळ एका मालवाहतूक कंपनीत होती. कुठला ट्रक किती वाजता निघेल, सीमेवर किती तास अडकेल, ड्रायव्हर कुठे जेवेल आणि कुठे झोपेल, हे ठरवणं तिचं रोजचं काम. तिचा नवरा प्रेमानंद तिथल्याच एका पोलाद कारखान्यात क्वालिटी इंजिनियर होता आणि मृणालचा नवरा श्रीरंग त्याच खात्याचा मॅनेजर. दोघांची घरं एकाच कॉलनीत. संध्याची पारमिता तेरा वर्षांची, मृणालची ईरा दहा. सहा वर्षं या घरातले डबे त्या घरात आणि त्या घरातले या घरात जात होते.

ऑक्टोबरपासून संध्या ऑफिसातून आली की लॅपटॉप उघडून बसायची. म्युनिकला उतरायचं, तिथे सात सीटांची गाडी घ्यायची. ऑस्ट्रियातून डोंगर ओलांडून इटली, सरोवराकाठी दोन दिवस, आणि जिनोआला समुद्र लागला की तो डाव्या हाताला ठेवून थेट फ्रान्समधलं मार्सेल. बारा दिवस. ऑस्ट्रियाच्या हायवेवर काचेला कसलं स्टिकर लागतं, इटलीतल्या जुन्या गावांत गाडी घातली की दंड कसा होतो, हे तिला तोंडपाठ झालं होतं. श्रीरंग आणि ती आळीपाळीने गाडी चालवणार होते. प्रेमानंदला उजव्या बाजूच्या रस्त्यांची सवय होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी घाटात त्याचे हात घामेजायचे.

फ्रान्सच्या हद्दीत शिरल्या शिरल्या मेंतों नावाचं गाव होतं. तिथलं एक घर संध्याने तीन आठवडे खपून शोधून काढलं होतं. तीन खोल्या, समोर समुद्र, गच्चीला टेकलेली लिंबाची झाडं आणि एकच मोठं स्वयंपाकघर. "तिथे चार दिवस राहू," ती मृणालला म्हणाली. "भाजणी नेऊ. थालीपीठ लावू आणि गच्चीत बसून खाऊ."

"तू आहेस म्हणून आम्ही निघालोय, नाहीतर आमच्याच्याने हे व्हायचं नव्हतं," मृणाल म्हणाली होती, आणि ते खरंच होतं.

फेब्रुवारीत श्रीरंगची आई नाशिकहून आली आणि तीही यायचं म्हणाली. म्हणजे बरोबर सात माणसं. संध्याने सगळं पुन्हा मांडलं. दर दोन तासांनी थांबा, जिने कमी असलेली हॉटेलं, आणि मेंतोंच्या घरातली समुद्राकडची तळमजल्यावरची खोली आईंना. ती खोली तिने खरं तर स्वतःसाठी धरली होती.

एका शुक्रवारी तिने आईंना जेवायला बोलावलं. आईंनी दारातूनच हॉलमधल्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं, मग सोफ्याच्या कडेवर बसल्या. आज उपास आहे, म्हणाल्या. संध्याने धावपळ करून साबुदाण्याची खिचडी केली. तर आईंना ॲसिडिटी झाली होती. पाणीही नको, घरून पिऊन आलेय, म्हणाल्या. संध्याला वाटलं, वय झालंय.

मार्चच्या शेवटी प्रेमानंद कारखान्यातून आला आणि बूट न काढताच म्हणाला, "आपलं काही जमत नाही गं. जूनमध्ये दुरुस्तीचं शटडाउन आहे. मला रजा नाही."

"आणि श्रीरंगला?"

"मॅनेजरला मिळते. खात्यात एक जण तरी लागतो ना."

संध्याने दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही. मग तिने मृणालला फोन करून सांगितलं, तुम्ही जा, सगळं तयारच आहे, वाया कशाला घालवायचं? मृणाल फोनवर रडली. पुढच्या वर्षी आपण सगळे परत जाऊ म्हणाली. संध्याने पूर्ण फाइल तिला पाठवली, मेंतोंच्या घरमालकिणीला पत्र लिहून कळवलं की आता चौघंच येतील, पण घर तेच हवंय.

जूनमध्ये ते गेले. एका शुक्रवारी दुपारी संध्या आणि प्रेमानंद चहा घेत होते तेव्हा मृणालचा फोन आला. जिनोआच्या जुन्या भागात शिरत होते आणि श्रीरंग घाबरला होता.

"समोर लाल गोलाचा बोर्ड आहे का?" संध्याने विचारलं. "त्याच्या आत जाऊ नका. दंड होईल. उजवीकडे उतार दिसेल, तो बंदराकडे जातो. तिथे पार्किंग आहे, आईंना चालावं लागणार नाही."

फोन चालू ठेवून तिने त्यांना वीस मिनिटं रस्ता सांगितला. गाडी लागली तेव्हा पलीकडून चौघांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमानंदने कप उचलून आत नेले.

ते परत आल्यावर जुलैत मृणालने जेवायला बोलावलं. आई नाशिकला परतल्या होत्या. जेवणानंतर टीव्हीवर फोटो लावले. संध्या पाण्याचा जग भरायला आत गेली तर ईरा फ्रीजपाशी आइस्क्रीम काढत होती.

"मावशी, यू शुड हॅव कम. पारमिता पण. खूप बोअर झालं मला एकटीला."

"काकांना रजा नव्हती ना, बाळा."

ईराने चमचा चाटला. "नो, पण बाबा तर म्हणाला की किचन एकच होता. आजी म्हणाली, मी त्या लोकांच्यात जेवणार नाही. मग बाबाने काकांना सांगितला." तिला मराठी जोडताना त्रास होत होता, म्हणून ती प्रत्येक शब्द सावकाश, स्पष्ट बोलली. "व्हाय? तुमचं किचन तर क्लीन असतं."

संध्याने जग भरला. बाहेर जाऊन सगळ्यांना पाणी दिलं. टीव्हीवर मेंतोंची गच्ची होती. लिंबाची झाडं तिला वाटली होती त्यापेक्षा बुटकी निघाली. आई वेताच्या खुर्चीत बसून समुद्राकडे बघत होत्या. "संध्याच्या कृपेने," श्रीरंग म्हणाला आणि हसला. प्रेमानंदही हसला.

पारमिता ईराकडेच खेळत राहिली. दोघं घरी आले. संध्याने एसी लावला, दार लोटलं आणि विचारलं, "शटडाउन होतं का?"

प्रेमानंदने खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"श्रीरंगने तुला काय सांगितलं?"

"सोड ना, संध्या."

"काय सांगितलं?"

तो खुर्चीत बसला. "म्हणाला, आम्ही असलं काही मानत नाही, तुला माहितीये. पण आई ऐकत नाही, तिची कदाचित ही शेवटची ट्रिप. तूच काहीतरी कारण काढ, म्हणजे वहिनींना वाईट वाटणार नाही."

"आणि तू काढलंस."

"माझं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टमध्ये संपतंय. रिन्यूअलवर सही त्याची लागते. आमच्या खात्यातल्या चौघांच्या जागी लोकल मुलं घेतलीत. मी पन्नाशीला टेकलोय. पारमिताची दहावी दोन वर्षांवर. मी काय करायचं होतं, त्याची कॉलर धरायची होती?"

"मला सांगायचं होतं."

"तुला लागलं असतं."

"मी वीस मिनिटं त्या बाईला कमी चालावं लागावं म्हणून फोनवर रस्ता सांगत होते," संध्या म्हणाली. "आणि तू समोर बसून चहा पीत होतास."

प्रेमानंदने चेहरा हातात धरला. त्याच्या वडिलांनी गावात काय सोसलं ते त्याने तिला लग्नाआधीच सांगितलं होतं, आणि सांगताना त्याचा आवाज चढला होता. तो माणूस तिला आठवला, म्हणून तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मृणाल आली. ईरा काहीतरी बोललीय हे तिला कळलं होतं. "आईंचं वय बघ गं," ती म्हणाली. "मी खूप भांडले. खरंच. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं."

"फाइल घेताना बघवलं."

"तूच म्हणालीस घेऊन जा."

"हो. मीच म्हणाले. तुला तेव्हा सगळं माहीत होतं."

मृणालचे डोळे भरून आले. फोनवर रडली होती तशीच ती आताही रडली असती. संध्याने तिला बस म्हटलं नाही. मृणाल निघून गेली. त्यानंतर डबे थांबले. मुली शाळेच्या बसमध्ये एकत्र बसत राहिल्या आणि त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये प्रेमानंदचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढलं. तो मिठाई घेऊन आला. संध्याने खोका फ्रीजमध्ये ठेवला आणि पारमिताने तो चार दिवसांत संपवला.

"पुढच्या वर्षी आपण तिघंच जाऊ," तो एकदा म्हणाला. "तुझ्याच रूटने."

"त्या रूटने लोक जाऊन आले," ती म्हणाली.

जानेवारीत तिने ऑफिसातून रजा मंजूर करून घेतली आणि एका दुपारी प्रेमानंदपुढे कागद ठेवला. अल्पवयीन मुलीला आईबरोबर परदेशी जाऊ देण्यास वडिलांची हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. व्हिसासाठी तो लागायचा. त्याने तो दोनदा वाचला. आपलं नाव प्रवाशांत कुठे आहे का, ते बघत असावा.

"दोघीच?"

"दोघीच."

"एवढी गाडी एकटी चालवशील?"

"छोटी गाडी घेतलीय."

त्याने सही केली. तारीख चुकली म्हणून खोडली आणि परत लिहिली.

मार्चअखेरीच्या सुट्टीत त्या दोघी गेल्या. बार्सिलोनाला उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने वर, फ्रान्सपर्यंत. मार्सेलच्या अलीकडेच थांबायचं असं संध्याने ठरवलं होतं. पाऊस होता. पारमिताला गाडी लागली, तिला बाबा हवे होते, आणि सहाव्या दिवशी ती म्हणाली, "मम्मी, तू कायम रागावलेली का असतेस?" संध्याकडे उत्तर होतं, पण चौदा वर्षांच्या मुलीला द्यायचं की ती पंधराची होईपर्यंत थांबायचं, हे तिला ठरवता आलं नाही.

शेवटच्या मुक्कामाला पोचल्या तेव्हा तिथला समुद्र सोहारच्या समुद्रापेक्षा वेगळा नव्हता. राखी, सपाट, काठावर माणूस नाही. पारमिताने बूट काढले, पाण्यात पाय बुडवले आणि व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, बघ! पोचलो!"

"अरे वा," प्रेमानंदचा आवाज वाऱ्यात तुटत होता. "मम्मी कुठे आहे? मम्मीला दाखव ना."

पारमिताने फोन फिरवला. संध्या गाडीकडे चालत गेली होती.