माझ्यातला रस्सा कुणी सांडला?

राजधानीत बसून पुस्तकं छापणाऱ्या साहेबांनो, तुम्ही खोटं छापलंत. आमच्या महाकाव्यातला रस्सा ओतून दिलात आणि तिथे तलवार घुसवलीत.

मित्रांनो, माझा राग पाहून दचकू नका. मी एक जुना लोखंडी टोप आहे, सैनिकाचा. इंग्लंडच्या कारखान्यात मला घडवलं आणि पहिल्या महायुद्धात कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटावरच्या तेओफिलच्या डोक्यावर चढवलं. बंदूक काही त्याच्या हाती आली नाही. काळ्यांनी तोफगोळे वाहायचे, असा हुकूम होता. दिवसभर मी त्याचं डोकं सांभाळायचो. संध्याकाळी उलटा होऊन चुलीवर चढायचो आणि सगळ्यांसाठी रस्सा उकळायचो.

बेटावर परतल्यावरही तेच. कच्ची केळी, मासळी, मिरची. बुडाला काजळी, पण पोट कायम भरलेलं. काय सुख होतं ते.

आमच्या किनाऱ्यावर मासे विकणारी व्हिक्टोरीन बेटाचं महाकाव्य रचायची. दर रविवारी दुपारी ती ओळ ऐकवून "क्रिक?" अशी हाक द्यायची. ओळ पटली, तर लोक "क्राक" म्हणून ओरडायचे. गप्प बसले, की ओळ मेली.

एकदा तिने ऐकवलं, तेओफिल टोप चढवून, तलवार उपसून शत्रूवर तुटून पडला. "क्रिक?"

सगळे गप्प. म्हातारा तेओफिल मला ढवळत होता.

"पोरी, तलवार कुठनं आणलीस? बाजारातनं?"

"महाकाव्य आहे, पापा. वीर नको का?"

"मग माझ्याबरोबरचे काय सहलीला गेले होते? थंडीने बोटं झडली, तरी गोळे वाहिले त्यांनी. त्यांना रस्सा पाजला मी. ते घाल. मी आहे तोवर ऐकव."

व्हिक्टोरीन खदखदून हसली आणि तिथल्या तिथे तिने ओळ फिरवली, "टोप उलटा झाला, आणि फौज जेवली. क्रिक?"

असा क्राक उठला, की धक्क्यावरचे पक्षी उडाले. तेओफिलने त्या दिवशी सगळ्यांना दोनदा वाढलं.

तीच ओळ तिने तुम्हाला लिहून पाठवली; वर तलवारीची ओळ खोडलेली होती. तुम्हाला रश्शाची ओळ हलकी वाटली. छापून आली ती मेलेली तलवार. तेओफिलने पुस्तक ऐकलं आणि म्हणाला, "हा कोण बुवा? माझ्या ओळखीचा नाही."

आता मला घासूनपुसून संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवणार म्हणे. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण त्यांचं पोट रिकामं करून नव्हे.

साहेबांनो, म्हातारा अजून आहे. मी चुलीवर आहे. त्याच्या डोळ्यांदेखत रश्शाची ओळ परत छापणार की नाही?

क्रिक?