सात झेल आणि वेनबरीचं पाद्रीघर

सेप्टिमस थर्लबी १८३६ साली आमच्या विद्यापीठाकडून एकच सामना खेळला आणि त्याने दोन्ही डावांत मिळून सात गडी बाद केले. सातही जण झेल देऊन गेले आणि सातही झेल आमच्याच संघातल्या पिमने घेतले. त्या काळी झेल घेतला की कागदावर फक्त झेल घेणाऱ्याचं नाव लिहायची रीत होती. चेंडू कोणी टाकला, याची चौकशी कोणी करत नसे. त्यामुळे छापील कागदावर पिम सात वेळा आला, थर्लबी फक्त फलंदाजीत, शून्यापुढे. मी यष्टिरक्षकाच्या मागे, निसटलेले चेंडू अडवायला, उभा होतो. माझ्यापुढेही शून्यच होतं, पण माझं काही अडलं नव्हतं.

थर्लबीचं अडलं होतं. तो पुढे पाद्री झाला, पण कुठल्याच गावची नेमणूक, म्हणजे राहायला पाद्रीघर, त्याला मिळेना. मुलगी नांदेल तर पाद्रीघरातच, असं मिस लेटिशिया ऑर्डच्या वडिलांनी बजावलं होतं. थर्लबीला वचन देऊन ती चार वर्षं थांबली होती.

अशात वेनबरीचे पाद्री वारले. नवा पाद्री नेमणं सर अँब्रोज पेव्हरिल यांच्या हातात होतं. त्यांचं गाव शेजारच्या गावाकडून अकरा वर्षं हरत होतं. पाद्रीबुवांना बायबल थोडं कमी येत असतं तरी चाललं असतं, गोलंदाजी यायला हवी होती. सर अँब्रोजनी तो छापील कागद मागवला, चष्मा लावून वाचला, सात गडी पिमच्या नावापुढे पाहिले आणि पिमला बोलावणं धाडलं; तोही तेव्हा नेमणुकीविनाच पाद्री होता.

तू स्वतः जाऊन सांग, असं मी थर्लबीला म्हटलं. सभ्य माणूस आपल्या गोलंदाजीबद्दल बोलत नाही, हे त्याने मला पाऊण तास समजावलं, एकेका चेंडूसकट.

पिम सरळ माणूस. "साहेब, मी जन्मात चेंडू टाकलेला नाही. सगळं थर्लबीचं काम," तो म्हणाला.

"वर नम्रही आहे," सर अँब्रोज बायकोला म्हणाले आणि पिमला नेमून मोकळे झाले.

त्या उन्हाळ्यात गाव बाराव्यांदा हरलं. पिमने थर्लबीला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं, पण मदतनिसाला घर नसतं. थर्लबीने लेटिशियाला वचनातून मोकळं करणारं लांबलचक पत्र लिहिलं. ती पत्र घेऊनच वेनबरीला आली.

"पाद्रीघरात खोल्या किती?"

"अकरा."

"आणि पिम किती?"

"एकच," थर्लबी म्हणाला. "अविवाहित."

"मग त्यांना विचारा. की तेही सभ्य माणूस विचारत नाही?"

त्याने विचारलं. सप्टेंबरात लग्न झालं. पिम स्वयंपाकघरावरच्या खोलीत गेला. ती ऊबदार आहे, असं तो सगळ्यांना सांगे.