‘सेन्सर गेलाय’ म्हणे!

मी एक जुना ऑक्सिजन सेन्सर आहे. मित्रांनो, माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमची काही चूक नाही. ज्यांच्या गाडीत माझा जन्म गेला, त्यांनीही ते मला शिव्या द्यायची वेळ आली तेव्हाच ऐकलं. आपली कहाणी सांगताना आवाज हळवा ठेवायचा असतो म्हणतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे.

दिसायला मी अंगठ्याएवढा. एका टोकाला जाळीची टोपी, दुसऱ्या टोकाला वायर. कारखान्यात मला तापवून, निववून, पुन्हा तापवून पारखलं आणि एका पिकअप गाडीच्या धुराच्या पाइपात पिळून बसवलं. बसवणाऱ्याला कसली घाई होती कोण जाणे! माझ्या आट्यांना थोडं वंगण लावायचं असतं, ते त्याने लावलं नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि गंजाने मी त्या पाइपाला असा चिकटलो की मी कुठे संपतो आणि पाइप कुठे सुरू होतो, हे मलाही सांगता येईना.

माझं काम सोपं होतं. इंजिनातून आलेल्या धुरात प्राणवायू किती उरला ते बघायचं आणि इंजिनाच्या कंप्युटरला कळवायचं. त्यावरून तो पेट्रोल कमी-जास्त करायचा. गाडीचा मालक लोकांची कपाटं, पलंग, धुलाईयंत्रं घरोघर पोचवायचा आणि गाडी स्वतःच चालवायचा. इंजिन सुरेख चाललं की तो पेट्रोलपंपाचं कौतुक करायचा. मी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

मग एके दिवशी माझ्या वरच्या बाजूला, पत्र्याच्या झाकणाखाली, पाइपाला चीर पडली. चिरेतून धूर बाहेर जायचा आणि बाहेरची हवा आत शिरायची. मला हवा जास्त लागली, मी जास्त सांगितली. जे होतं तेच सांगितलं. जास्त हवा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय असं समजून कंप्युटरने आपलं पेट्रोल वाढवलं, त्याने धूर आणखी घातक झाला आणि मालकासमोरचा पिवळा दिवा लागला. गॅरेजच्या मिस्त्रीने आपलं यंत्र जोडलं, पडद्यावर माझं नाव वाचलं आणि झाकण उचलून बघायचीही तसदी न घेता निकाल दिला, “सेन्सर गेलाय.”

मित्रांनो, बातमी वाईट म्हणून बातमी आणणाऱ्यालाच वाईट ठरवायचं, हा कुठला न्याय? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या गाडीत रोज सकाळी मालकाची मुलगी शाळेला जायची. घरात तिला चिंगी म्हणत. ती मधल्या जागेवर बसायची, गिअरच्या दांड्याला लागून. दांड्याखालचं रबर फाटलेलं होतं. त्या भोकातून वरचं बोलणं मला खाली ऐकू यायचं आणि खालचा धूर तिच्या तोंडापर्यंत जायचा. मालक आपला खिडकीबाहेर कोपर काढून गाडी हाकायचा. त्याला मोकळी हवा मिळत होती.

“बाबा, डोकं दुखतंय,” चिंगी म्हणायची.

“झालं सुरू? शाळा आली की दुखतंच तुझं डोकं.”

“खरंच दुखतंय. मळमळतंय पण.”

“आणि सुट्टीच्या दिवशी बरं दुखत नाही ते! नाटकं पुरेत.”

सुट्टीच्या दिवशी ती गाडीत बसत नव्हती, हो! सगळं उत्तर त्याच्याच तोंडात होतं, आणि तेच तो लेकीच्या तोंडावर फेकून मारत होता. मी तापलेल्या पाइपात अडकून हे ऐकत होतो. मला ओरडता येत नव्हतं. मला फक्त दिवा लावता येत होता, तो मी लावून ठेवला होता.

शेवटी मला बदलायचं ठरलं. मिस्त्रीने तेल फवारलं, पाना लावला, पान्याला लांब नळी अडकवून सगळा भार टाकला. मी हललो नाही. पाना घसरून माझ्या कडा गोल झाल्या आणि मिस्त्रीची बोटं सोलवटली. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. हट्टी म्हणे, आडमुठा म्हणे! मी काय मुद्दाम चिकटलो होतो?

“निघत नाही हा,” मिस्त्री हात पुसत म्हणाला. “गाडी चालतेय ना? मग दिव्यावर पट्टी मारून टाका, शेठ. बघायलाच नको.”

मालक हसला आणि त्याने खरंच दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

त्यानंतर थंडीचे दिवस आले. एका सकाळी मालकाने दोन्ही काचा वर केल्या. रस्त्यात कसलासा खोळंबा होता, गाडी जागच्या जागी धडधडत उभी राहिली. चिंगी आधी डोकं दुखतंय म्हणाली, मग काहीच म्हणाली नाही. शाळेच्या फाटकाशी मालकाने हाक मारली, “उतर, चिंगे.” ती हलली नाही. “ए, सोंग पुरे!” असं म्हणून त्याने तिला धरलं, तर तिची मान कलंडली.

तो तिला उचलून बाहेर धावला. मोकळ्या हवेत थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, ओकली आणि रडायला लागली. मग तिला दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं होतं, असं मला पुढे गॅरेजात ऐकू आलं, गाडीत धूर येतो का? मालक नाही म्हणाला होता. तिची आई मात्र त्याला गाडी गॅरेजात लावायला सांगून मुलीला घेऊन रिक्षाने तडक तिथे आली.

“त्या दिव्यावर पट्टी कुणी लावली?” तिने विचारलं.

“वहिनी, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो सेन्सर खराब आहे, पण निघतच नाही,” मिस्त्री म्हणाला.

“नसेल निघत तर पाइपासकट काढा. मी बसलेय इथे. आज माझी मुलगी मेली असती.”

पाइप उतरवला. पत्र्याचं झाकण निघालं आणि चीर सगळ्यांसमोर आली. बोटभर लांब, आजूबाजूला काजळी. मालकाने काजळीवर बोट फिरवलं आणि ते काळं बोट बघत तो तसाच उभा राहिला.

मग पाइप शिकंज्यात आवळून, गॅसच्या ज्योतीने लाल करून मला एकदाचं पिळून काढलं. पाइप सांधला, आटे नव्याने पाडले, रबर बदललं. नव्या सेन्सरला वंगण लावून बसवलं. जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची पद्धत असते, म्हणून मी मालकाकडे आलो. त्याने मला गाडीच्या कप्प्यात टाकलं. तिथून मला सगळं आणखी स्पष्ट ऐकू येतं.

इथे संपलं असतं तर कदाचित माझा राग निवळला असता. ऐका, काय झालं ते.

मालक आता रोज विचारतो, “डोकं दुखतंय का गं?” चिंगी म्हणते, “नाही.” तो पुन्हा विचारतो. ती पुन्हा “नाही” म्हणते. परवाही असंच चाललं होतं. सिग्नलला त्याचा हात सहज तिच्या कपाळाला लागला. कपाळ चांगलंच तापलं होतं.

“अगं, ताप आहे तुला! मग नाही का म्हणालीस?”

ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “तू रागावतोस ना.”

मालकाने गाडी कडेला घेतली. मला त्याची दया आली नाही.

मोठ्या माणसांनो, माझ्यासारखा सेन्सर दुकानात दुसरा मिळतो. या पोरीचं काय? मी जळून काळा झालो तरी दिवा विझवला नाही, आणि तिने मात्र सांगायचंच सोडून दिलं. ते तुम्ही तिला शिकवलंत. आणि मित्रांनो, तुम्ही तिच्यासारखं करू नका. दुखलं की सांगा. नाटक म्हणाले, सोंग म्हणाले, तरी पुन्हा सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, पण गप्प बसू नका.

कडेला उभ्या गाडीत मालक हळूच म्हणाला, “नाही रागावणार. आता सांग, कुठे दुखतंय?”

चिंगीने अजून उत्तर दिलेलं नाही.