ऑब्रीच्या विमानाचा पंखा

ऑब्री पेंडरगास्टने त्याचं जुनं टायगर मॉथ विमान आमच्या फ्लाइंग क्लबला देऊन टाकलं आणि दुरुस्ती सुरू झाल्यापासून तो रोज हँगरमध्ये खुर्ची टाकून बसू लागला. काही वर्षांपूर्वी जत्रेच्या दिवशी याच विमानातून त्याने अर्ध्या गावाला फिरवून आणलं होतं. माझ्या लेकीला, टेसालाही. पार वॅग्गा शहरापर्यंत त्याला मान होता.

त्या दिवशी मी आणि क्लबातला डेल्विन नाकावरचा लाकडी पंखा उतरवत होतो. इंजिनावरचं झाकण काढताच घाण वास अंगावर आला. यंदा उंदरांचा सुळसुळाटच होता. आत मुतलेलं गवत आणि मेलेली पिल्लं. डेल्विन बाहेर जाऊन ओकला.

"मेलेले उंदीर चावत नाहीत रे," चहात बिस्किट बुडवत ऑब्री म्हणाला.

मी तोंडाला फडकं बांधून सगळं उपसलं. मग बोल्टना पाना लावायला गेले, तर ते हातानेच फिरले. पंखा सुटून आला. बोल्टची भोकं घासून लांबट झालेली, आतलं लाकूड जळून काळं. पात्याच्या मुळाशी रंग खरवडला तर खाली पुट्टी, आणि पुट्टीखाली नख आत जाईल एवढी चीर. पंखा ज्यावर बसतो तो लोखंडी तुंबा खेचून काढला, तर आत इंजिनाच्या दांड्यावर बिअरच्या डब्याच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या.

"हे कुणी केलं?"

"मीच. डगडगत होता."

"लोकांना बसवायच्या आधी?"

"आधीच की. पडलं का कुणी?"

"टेसा लहान होती, ऑब्री."

"हो ना, काय किंचाळली होती. मजा आली पोरीला."

तो हसला. बिस्किटाचा लगदा त्याच्या दातांत दिसत होता. मी पंखा उचलून बाकावर आडवा ठेवला.

"तो पंखा क्लबात भिंतीवर लावा," तो म्हणाला. "खाली माझं नाव घाला."

मी करवत आणली आणि पंखा मधोमध कापायला घेतला.

"मर्ल, डोकं फिरलंय का तुझं?"

"कुणी परत लावू नये म्हणून."

क्लबातल्या बहुतेकांनी त्याचीच बाजू घेतली. म्हाताऱ्याचा अपमान केला म्हणाले. डेल्विनसुद्धा माझ्या बाजूने आला नाही. पुढे नवा पंखा आला, विमान उडालं, आणि पहिल्या फेरीला ऑब्रीलाच बसवलं. उतरल्यावर त्याने एकेकाशी हात मिळवला. माझ्यापुढेही हात केला.

मी हात खिशातच ठेवले.