गोलकीपरच्या जागी भलतंच नाव

मी रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या एका क्रीडा मंडळाच्या भिंतीवरचा फोटो बोलतोय. खोटं बोलण्याचा मला सत्तर वर्षांचा अनुभव आहे, पण आज खरं सांगायचं ठरवलंय. सवय नसल्यामुळे कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म १९५३ सालचा. इथल्याच एका गाडीदुरुस्ती कारखान्याच्या फुटबॉल संघाने कप जिंकला आणि अकरा घामेजलेली माणसं कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. फोटोग्राफर 'हलू नका' म्हणाला तेव्हा नेमका गोलकीपरच हलला. त्यात टोपीची सावली. त्याचा चेहरा माझ्यात पातळ कढीसारखा उतरला. मग खाली नावांची पट्टी चिकटली. मधोमध, चेंडू धरलेले : यशवंतराव, गोलकीपर.

आता माझी अक्कल बघा. माझ्या पोटात कोण उभं आहे, हे निदान मला तरी ठाऊक असावं की नाही? पण मीही पट्टी वाचली आणि मान डोलावली. लोक तरी काय वेगळं करतात? आधी खाली वाचतात, मग वर बघतात आणि 'अगदी तेच' म्हणतात. यशवंतरावांची मुलगी वनमालाताई ब्राह्मणपाऱ्यातून यायच्या. त्यांना त्या पातळ कढीत बाबांचं नाक दिसायचं. मी अभिमानाने फुगायचो. भिंतीच्या ओलीने आधीच फुगलो होतो, ती गोष्ट वेगळी.

यंदा मंडळाने ठरवलं, उत्तम गोलकीपरला यशवंतरावांच्या नावाचा कप द्यायचा. नाव कोरायला टाकणार, तोच कपाची बातमी ऐकून शांताबाई आल्या. वय सत्याहत्तर, शंकर नगरात मुलाकडे राहतात. तो मुलगा, यशदीप, सोबत होता. शांताबाईंनी खाली वाचलंच नाही. थेट वर पाहिलं.

"हा यशवंतराव नाही जी. हा माहा बाप हाय, हिरालाल."

"अवो शांताबाई, खाली नाव लिहून आहे ना," मंडळाचे सचिव दिवाकरभैया म्हणाले.

"लिहून असन. बापाले ओळखाले मले वाचा लागते का?"

"अम्मा, छोड़ो ना, चलो," यशदीप ओशाळून म्हणाला.

"काहून सोडू? एक डाव कपावर नाव कोरलं का माहा बाप कायमचा पुसला जाईन."

मी काचेआड पट्टीला चिकटून राहिलो. तेवढं मला छान जमतं.

दिवाकरभैया मात्र चिकट माणूस. त्यांनी कारखान्याच्या जुन्या दप्तरात आठ दिवस धूळ खाल्ली आणि त्या सालची हजेरीवही शोधून काढली. अंतिम सामन्याच्या दिवशी यशवंतराव कामावर होते, तेही गोंदियाला! ज्या माणसाच्या हाती मी सत्तर वर्षं चेंडू दिला होता, तो त्या दिवशी दुसऱ्या गावी फायली लावत बसला होता.

हे कळल्यावर शांताबाईंनी पेटीच्या तळातून एक कागद आणला. बापाच्या नावावरचा डाग म्हणून तो त्यांनी घरातही कुणाला दाखवला नव्हता. साहेबाने दिलेली ताकीद होती ती. 'हिरालाल, रोजंदार, न सांगता गैरहजर. विचारले असता फुटबॉल खेळत होतो म्हणाला.' तारीख तीच.

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सगळं उलगडलं. त्या स्पर्धेत पक्क्या नोकरीवालेच खेळाडू चालत. गोलकीपर गोंदियाला अडकला म्हणून रोजंदार हिरालालला त्याच्या नावावर उतरवलं, आणि माझी पट्टी स्पर्धेला दिलेल्या खेळाडूंच्या यादीवरून लिहिली गेली. पुढे खरं सांगावं तर कप परत जाणार आणि हिरालालची रोजीही जाणार. सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. मग तेच अंगवळणी पडलं.

वनमालाताईंना बोलावून दोन्ही कागद पुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले. तोवर मंडळातले सगळे पंख्याकडे बघत होते.

"बाबा दसऱ्याचं सोनं द्यायले पहिले हिरालालजींच्या घरी जायचे," त्या हळूच म्हणाल्या. "आई चिडायची, त्यांच्याच घरी पहिले काहून म्हणून. बाबा म्हणायचे, त्याचं काही माझ्याजवळ राहून गेलं आहे. मले वाटे, असेल एखादं पुस्तक."

त्यांनी डोळे पुसले. "कपावर हिरालालजींचं नाव टाका, भैया."

"हव," दिवाकरभैया म्हणाले.

काल नवी पट्टी चिकटली. शांताबाई माझ्यापुढे बराच वेळ उभ्या होत्या, शेजारी वनमालाताई.

"किती लहान हाय वो माहा बाप," शांताबाई म्हणाल्या. "माह्या नातवाएवढा."

आणि दोघी रडल्या. मलाही भरून आलं. इतकी वर्षं माझ्यापुढे लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण माझ्यातल्या माणसासाठी कुणी रडलं नव्हतं.

आता एकच विनंती. माझ्यात अजून दहा जण उभे आहेत आणि त्यांची नावं त्याच जुन्या यादीतली आहेत. विचाराल तर ती बरोबरच आहेत, असं मी छातीठोकपणे सांगेन. माझ्या बोलण्यावर जाऊ नका. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याला एकदा इथे घेऊन या. जरा लवकर या.